आभाराचं पत्र

‘डिअर’ एवढंच लिहून बायकोचं पेन अडलं. ज्येष्ठ नागरिकांच्या इंग्रजी वर्गातल्या बाईंनी गृहपाठ दिला होता: घरी रांधून जेवू घालणाऱ्याला आभाराचं पत्र लिहा.

“कुणाला लिहू हो?”

“आईला लिही की,” मी म्हणालो.

“आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून चूल माझ्याकडेच. पाहुणी म्हणून गेले तरी पोळ्या लाटायला मलाच बसवतात.”

बसवणारच! तिच्या हातच्या पोळीसाठी माझे साहेब बदलीनंतरही वाट वाकडी करून यायचे. मी मात्र तिला कधी ‘छान’ म्हणालो नव्हतो. पुन्हा वाढून घेतलं की तिला कळतं, अशी माझी समजूत.

“बस तिथंच,” म्हणत मी भाजणीचा डबा काढला. पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं, दुसरं करपलं. तिसरं जमलं, ते तव्यावरून थेट तिच्या ताटात वाढलं. चौथं थापताना आठवलं, पिठात मीठच घातलेलं नाही. ती मात्र खातच होती.

खाता खाता मध्येच हात पुसून तिनं वही ओढली. मिठावरून टोमणा असणार, म्हणून मी वाकून वाचलं.

‘डिअर हजबंड, थँक यू. फिफ्टी इयर्स आय सर्व्ह हॉट, ईट कोल्ड. टुडे आय ईट हॉट.’

“काही चुकलंय का?” तिनं विचारलं.

“काहीच नाही,” म्हणालो, आणि उरलेल्या पिठात मीठ घालून ते पुन्हा मळायला घेतलं.