हातभर सरकलेलं दार

“बाबा, आता या बरं बाहेर!” मृण्मयीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

हल्ली घराची सजावट, अगदी दारं-भिंतींचं रंगरूपही, डोळ्यांतल्या लेन्समध्येच दिसे. वेब डिझायनर मृण्मयीनं हौसेनं स्वतःचं घर सजवलं, पण तपासलं फक्त आपल्या नव्या लेन्समधून. बाबांच्या जुन्या लेन्सला दार हातभर डावीकडे दिसायचं. दोनदा कपाळ आपटल्यावर त्यांनी खोली सोडणंच बंद केलं. महिनाभर खपून तिनं आज ते दुरुस्त केलं होतं.

बाबा बिचकत, पण सरळ दारातून आले. “चहा टाक.”

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. त्यांचा कप आणायला ती खोलीकडे वळली आणि धाडकन भिंतीवर आदळली.

“आता तुझ्या लेन्समध्ये बिघडलं वाटतं?”

कपाळ चोळत ती हसतच सुटली.

बाबांनी हात पुढे केला. “धर. मला दिसतंय दार.”