वार्निशचा शेवटचा हात

धाकट्याने खोक्यावरचा कागद बाजूला केला. अख्खी पलटण पांढरी पडली होती. पटावरच्या लढाईच्या खेळातले, बोटभर उंचीचे, वाफेवर चालणारे रोबो. पितळी छाती, तांबड्या नळ्या, पाठीवर काजळलेलं धुराडं. सकाळपर्यंत असे दिसत होते, की पोटात दोन कोळसे टाकले तर टेबलावरून चालत सुटतील. आता सगळ्यांवर दुधावर साय धरावी तसा थर होता.

फवाऱ्याचं वार्निश दमट हवेत मारायचं नाही, पांढरं धरतं, हे या छंदातलं बाळकडू. ताईने ते त्याला किती वेळा पाजलं होतं. कालही म्हणाली, "ठोंब्या, हवा सुकी होऊ दे, मग मार. घाई करू नकोस." शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, याला शब्दांची पोती पुरली नसती. पण घाई त्याला होती, आणि ती उगाच नव्हती. ताईचं लांबचं दिसणं गेलंच होतं, नाकाजवळ धरलेलं तेवढं उरलं होतं, आणि तेही आता कधीही जाईल असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याआधी तिने ही पलटण लढाईत उतरलेली बघावी, एवढाच त्याचा हट्ट. वार्निश नसलेला रोबो पटावर आणायचा नाही, बोटं लागून रंग उडतो, हा नियमही तिचाच. म्हणून ती झोपेत असताना त्याने खोकं न्हाणीघरात नेलं आणि फवारा मारला. न्हाणीघरात! नुकतीच स्वतः कढत पाण्याने आंघोळ करून. अक्कल गहाण टाकावी, पण इतकी?

त्याने एकाला फडक्याने घासलं. पांढरं जाईना. दुसऱ्यावर आणखी एक हात मारला, तर होते नव्हते तेवढे खिळ्यांच्या डोक्यांसारखे रिवेटही बुडाले.

ताई कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. खोटा दात खऱ्यासारखा दिसायला त्याला किंचित पिवळेपणा कुठे द्यायचा, हे तिला कळायचं, आणि त्याच हाताने ती रोबोंना गंज चढवायची. मेलेल्या घड्याळांची चक्रं, पेनातल्या स्प्रिंगा, तांब्याची तार, असलं काहीबाही जोडून तिने ही पलटण उभी केली होती. रंगवताना आधी एक भिंग लागायचं, मग भिंगावर भिंग आलं, शेवटी तर ब्रश नाकाला टेकायचा. आता रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे वर्षाचं काम. एवढे दिवस तिच्याकडे कुठले?

भिंतीला हात लावत ताई आलीच. खुर्ची चाचपून बसली.

"आणलीस का रे पलटण?"

खोकं झाकायचं त्याच्या डोक्यात यायच्या आत तिने हात घालून बंबोबा उचलला. बंबोबा म्हणजे पलटणीचा कप्तान, पोट सुटलेला, तिचा सगळ्यात लाडका. तिने तो डोळ्याशी धरला. फिरवला. दिवा पुढे ओढून पुन्हा धरला.

"धुकं दिसतंय," ती म्हणाली. "काल याच्या पोटावरचे रिवेट दिसत होते मला. मोजले होते."

धाकट्याने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं.

"तुला कसा दिसतोय?"

खरं सांगावं तर तिचं शेवटचं काम मातीत गेलं, तेही याच्या हातून. हे तिला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? विचार पुरा व्हायच्या आधीच तोंड बोलून मोकळं झालं.

"चकचकीत," तो म्हणाला. "नवं पितळ जसं. ताई, इतका सुरेख तू आजवर एकही केला नव्हतास."

बोलला आणि मग त्याला उमगलं, की आपण पलटण वाचवली आणि तिचे डोळे काढून घेतले.

"हो का?" ताई म्हणाली. "म्हणजे आजच गेले म्हणायचे. मला वाटलं होतं, थोडंथोडं करून जातील."

तिने बंबोबा हळूच खाली ठेवला. हात मांडीवर घेतले. धाकट्याला रडू फुटत होतं. आत्ता सांग, आत्ता सांग, असं तो स्वतःला म्हणत होता आणि जीभ काही उचलत नव्हती.

रंगवताना ब्रशचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकून पाहायची तिची सवय; त्या नखावर कायम कुठला ना कुठला रंग असायचाच. काही दिसतंय का बघावं म्हणून तिने तो अंगठा वर आणला. डोळ्याजवळ नेला आणि तिथेच थांबली. नखावर पितळी रंगाची केसाएवढी रेघ होती. तिने ती दुसऱ्या नखाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बरोबर खरवडून काढली.

मग पुन्हा बंबोबा उचलला. त्याच्या पांढऱ्या पोटावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेऊन वार्निशचा ताजा वास घेतला. ती आता शिव्या देईल, निदान बंबोबा फेकून मारेल, असं धाकट्याला वाटलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

ताईने धाकटा होता त्या दिशेला तोंड केलं.

"मांड पट," ती म्हणाली.

"ताई, मी..."

"मांड म्हणते ना. फासे तू टाक. आणि माझा रोबो भलत्या घरात पडला तर सांगत जा बाबा, मला आता दिसत नाही."