राखणीची थाळी

वाघाच्या धास्तीने कापूस वेचताना बायका आळीपाळीने थाळी वाजवायच्या. तरीही गेल्या दिवाळीत वाघाने बेबीताईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जावेला नेलं. तेव्हापासून बेबीताई भिंतीला पाठ लावूनच जेवत, बसल्या जागीच झोपत. असल्या दुखण्याचा डॉक्टर यवतमाळला, आणि वाटेत जंगल. दोनदा त्या जंगल लागताच एसटीतून उतरल्या होत्या. आज विठ्ठलरावांनी बायकोला शेवटच्या सीटवर बसवलं. झाडी सुरू होताच बेबीताईंनी पिशवीतून थाळी काढली आणि झाडी संपेपर्यंत बडवली. “वाघाले भेते ते,” विठ्ठलराव खालमानेने प्रवाशांना म्हणाले. कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर सोमवारी बोलावलं. दर सोमवारी हेच जंगल, या विचारानेच विठ्ठलराव गळून गेले. परतताना झाडी लागली तशी बेबीताईंनी थाळी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. “आता तुमी वाजवा. माहे हात दुखून राह्यले.”