नाकातलं गाणं

"इंग्रजीतलं हम म्हणजे कण्हणंसुद्धा असेल, तर संपलंच सगळं," भाग्यश्री म्हणाली आणि तिनं मोबाइल कॉटवर टाकला.

कस्तुराचा भाकरी थापणारा हात थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"काल कंपनीत मोटर आवाज करायला लागली. आमचे जपानी सर कान लावून म्हणाले, 'उनात्ते इरु.' मग मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, 'मोटर इज हमिंग.' आत्ता शब्दकोशात त्याचं मूळ रूप, उनारु, बघितलं. त्यात पहिलाच अर्थ दिलाय, दुखण्यानं कण्हणे."

संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत मायलेकी दोघीच राहायच्या. कस्तुरा एका दवाखान्यात आया होती. भाग्यश्री महाळुंग्याच्या कंपनीत कंत्राटावर, दरवर्षी कामातून काढून ब्रेक देणं ठरलेलं. जपानीचं खूळ घरात आणलं ते तिनंच. गेलं वर्षभर जेवणं झाली, की या घरात दुसरी भाषाच नव्हती. परीक्षा झाली, पासपोर्ट निघाला. गेल्या आठवड्यात धम्मरत्न सरांच्या क्लासमधून जपानच्या एका वृद्धाश्रमाची मुलाखतही झाली, लॅपटॉपवर. आज निकालाचा फोन यायचा होता. भाग्यश्रीनं शिफ्ट बुडवली होती.

मुलाखत छान चालली होती. शेवटी पडद्यावरच्या जपानी बाईंनी इंग्रजीत विचारलं, "आमच्याकडचे एक आजोबा खोलीत एकटेच हमिंग करतायत. तुम्ही काय कराल?"

उत्तर लगेच गेलं. शेजारी जाऊन बसेन. मीपण त्यांच्याबरोबर हम करेन.

बाईंनी बाजूच्या माणसाकडे बघितलं. तिकडचा आवाज बंद झाला. दोघांचे ओठ तेवढे हलत राहिले. मग दोघं वाकले, थँक्यू म्हणाले आणि पडदा काळा झाला.

तेव्हापासून घरात कुणाला धड जेवण गेलं नव्हतं.

"पण गुणगुणण्याला जपानीत वेगळाच शब्द होता ना?" कस्तुरानं विचारलं.

"हानाउता. हाना म्हणजे नाक, उता म्हणजे गाणं. नाकातलं गाणं."

"मग बाईंच्या मनात तोच असंल की."

"कशावरून? त्या इंग्रजीत बोलल्या ना! इंग्रजीत माणूस गुणगुणला तरी हम, माशी घोंगावली तरी हम, मोटर घुमली तरी हम. काम झकास चाललं तरी हमच. बाईंच्या मनात उनारु असलं तर? आजोबा पोटात कळ येऊन कण्हतायत, आणि आपण शेजारी बसून गाणी म्हणतोय!"

कस्तुरानं पिठाचा हात तोंडावर धरला. तिला हसू आवरेना. "आपली मराठीच बरी बाई. गुणगुणणारा वेगळा, कण्हणारा वेगळा."

"आई, हसू नको. फोन कधीही येईल."

दारातून गोजाबाई आत आल्या. मूळच्या निघोज्याच्या, आता समोरच्या खोलीत लेकाकडे राहायच्या. या घरातून जपानला जायचं चाललंय, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"कोन कन्हतंय गं? आजारी हाय का कुनी?"

"जपानमधले आजोबा," भाग्यश्री म्हणाली आणि पुन्हा येरझारा घालायला लागली.

"काय बाई बोलती ही! फोन आला न्हाई व्हय अजून? पोरी, दोन घास खा. त्वांड बघ कसं उतरलंय."

तेवढ्यात कॉटवरचा मोबाइल वाजला. भाग्यश्रीनं झडप घातली.

"जय भीम, सर."

"जय भीम. भाग्यश्री, स्पीकरवर टाक. आई आहे ना जवळ?"

"आहे, सर. सर, ते हमिंग… उनारु होतं का हो?"

पलीकडे सर मोठ्यानं हसले. "हानाउता होतं! ते आजोबा खरोखरचे आहेत. दिवसभर एकच चाल गुणगुणतात. बाई प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात. कुणी म्हणालं, नर्सला बोलावू. कुणी म्हणालं, दार लावून घेऊ, बाकीच्यांना त्रास नको. शेजारी बसेन, हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं. आवाज बंद केला ना, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं. झालं काम! एप्रिलमध्ये निघायचंय, तयारीला लागा."

भाग्यश्री किंचाळली. कॉटवर चढली, उडी मारून खाली आली. तव्यावर भाकरी करपली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कस्तुरा पिठाचे हात तसेच धरून उभी होती. भाग्यश्रीनं जाऊन तिला घट्ट मिठी मारली.

गोजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लई ग्वाड झालं, पोरी. पर आता तुझ्या आईनं कसं ऱ्हावं गं एकटीनं?"

भाग्यश्रीनं आईच्या खांद्यावरून तोंड वर काढलं. रडता रडता ती हसत होती.

"तिची काळजी सोडा, मावशी. विमानात क्लासमधल्या आणखी दोघी आहेत तिच्याबरोबर. इथं एकटी तर मी राहणारेय."