पडद्याची दुमड

धुतलेला पडदा खिडकीला लावला, तर वीतभर आखूड! लेक हसली. "बाबा, खिडकीनं हाफ पँट घातलीय. टाकून द्या, नवा आणू."

पडदा बायकोनं शिवलेला. ती गेल्यावर मी तो पहिल्यांदाच धुतला, तोही गरम पाण्यात. टाकायला हात होईना.

मग आठवलं. लेकीचे फ्रॉक शिवताना ती खाली कापड दुमडून ठेवायची. पोर वाढली की उसवायची. मी पडद्याची कड चाचपली. जाड लागली. ब्लेडनं उसवून हातानंच बारीक टीप घातली, इस्त्री फिरवली. पडदा पुरला.

"खालची पट्टी गडद दिसतेय," लेक म्हणाली.

"तुझ्या फ्रॉकचीही दिसायची."

"त्यावरून आईशी किती भांडायचे मी!" म्हणत तिनं पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या. नव्याचं नाव काढलं नाही.