ताईची पाळी

एम.ए.च्या प्रवेशासाठी सरावाची शेवटची मुलाखत संपली, तरी कोणी उठलं नाही. महाविद्यालयाच्या मानसशास्त्र मंडळाची ती खोली म्हणजे प्रयोगशाळेमागची अडगळच. दोन टेबलं आणि चार खुर्च्या. लंबूने त्यातली एक ओढून ताईसमोर ठेवली.

"बस. आता तुझी पाळी."

ताईने ते हसण्यावारी नेलं. पदवी घेऊन तिला वर्ष झालं होतं. एम.ए.च्या प्रवेशाला तीही गेली होती, पण मुलाखतीत एका साध्या प्रश्नाला तिची दातखीळ बसली आणि प्रवेश हुकला. तेव्हापासून ती दुपारी शिकवण्या घ्यायची आणि शनिवारी इथे येऊन धाकट्यांची तयारी करून घ्यायची. कोणाचा निबंध तपासून दे, कोणाला संख्याशास्त्र समजाव, कोणाची भीड घालव. तिच्या हाताखालची पोरं भराभर पुढे चालली होती. तिने स्वतः मात्र यंदा अर्जसुद्धा केला नव्हता.

अर्जाला सोमवारपर्यंत मुदत आहे, असं लंबूसोबत तयारी करणाऱ्या चष्मेवालीने हळूच सांगितलं. माझं राहू दे, तुमचं मार्गी लागलं की झालं, म्हणून ताईने विषय झटकला. पण दोघंही जागची हलेनात, तेव्हा केवळ त्यांचं मन राखायला ती बसली.

लंबू ताठ झाला. एरवी अगं-तुगं करणाऱ्या त्याने आवाजच बदलला.

"गेल्या वर्षी तुमची मुलाखत झाली होती. तिथे काय विचारलं?"

चष्मेवालीने टेबलाखालून त्याला पाय मारला. ताईचा चेहरा उतरला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरचं माणूस गप्प झालं की आपण बडबड करून ती जागा भरायची नाही, हे तिनेच त्यांना शिकवलेलं. दोघं थांबली.

"मानसशास्त्रच का, असं विचारलं," ती अखेर म्हणाली. "मला माझा धाकटा भाऊ आठवला. तेव्हा तो खोलीचं दार उघडत नव्हता. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं. म्हणून गप्प बसले."

मग ती सांगत गेली. रोज संध्याकाळी ती त्याच्या दाराबाहेर जमिनीवर बसायची. उपदेश नाही, चौकशी नाही. मंडळात आज काय झालं, कोणाची कशी फजिती उडाली, एवढंच त्या बंद दाराला ऐकवायची. लंबूचे किस्से तर तिखटमीठ लावून. एकदा आतून हसल्याचा आवाज आला.

"आणि आता?" लंबूचा आवाज आता मुलाखतीचा राहिला नव्हता.

"आता जेवायला बाहेर येतो."

"तुझ्यामुळे?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "तेच तर शिकायचंय."

चष्मेवाली चष्मा काढून पुसत बसली. लंबू पुढचा प्रश्न साफ विसरला. ताईने खुर्ची टेबलाजवळ ओढली, पाठ सरळ केली.

"हं," ती म्हणाली, "पुढचं विचारा."