पेटीच्या फळ्या

चाक फिरलं, आणि कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

राघो पहार खांद्याला टेकवून नुसता बघत राहिला. मुंबईहून आलेल्या फिटरने नव्या इंजिनाची वाफ सोडली. इंजिन कसलं, बोकडाएवढं ते! त्याचं दातेरी चक्र मोठ्या चाकाच्या नव्या कड्यात अडकलं आणि दोन पुरुष उंचीचं ते धूड मुकाट्याने हललं. मग जुन्या इंजिनाने वाफ घेतली, धाकटं आपसूक बाजूला सरलं. झालं, संपलं काम.

हेच काम रोज सकाळी चार माणसं करत. प्लेगाची साथ यायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. कल्याणच्या खाडीकाठी भाताची गिरण होती आणि तिचं इंजिन मुंबईच्या कुठल्याशा कापडगिरणीने टाकून दिलेलं होतं. म्हातारं आणि हट्टी. थांबताना नेमकं अशा जागी अडायचं की नुसत्या वाफेला दाद द्यायचं नाही. मग चौघांनी चाकाच्या भोकांत पहारी घालायच्या आणि रेटा द्यायचा. चाक अडलेल्या जागेतून निसटलं की पहारी ओढून मागे व्हायचं. मग राघोने ओरडायचं, "सोड." की काळुराम डायव्हर वाफ सोडणार. अठरा वर्षं तो शब्द राघोचा होता.

गेल्या पौषात तो शब्द तोंडातून गेला, आणि मोरूची पहार अजून भोकातच होती. चाकाने ती गरकन फिरवली आणि मोरूच्या छातीवर घातली. मोरू राघोचा धाकटा भाऊ. पाणी मागायलाही उरला नाही.

चूक कुणाची, हे कुणी बोललं नाही. बोलायचं काय त्यात? "सोड" कोण म्हणालं ते सगळ्या गिरणीने ऐकलं होतं. राघोने वर्षभर तो शब्द मनातल्या मनात हजारदा मागे घेऊन पाहिला. मोरूची बायको शेवंती त्याच घरात राहायची. वेळेवर भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, पण राघोशी एक अक्षर बोलायची नाही. हिने एकदा घर डोक्यावर घेऊन शिव्या द्याव्यात, म्हणजे तरी घास खाली उतरेल, असं त्याला वाटे.

मोरू मोठा हौशी गडी. खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या वस्तूंची पूजा त्याच्याकडे. दुसऱ्या कुणी बोटाने हळदकुंकू लावलं असतं. हा तेलात कालवलेल्या हळदीत अख्खा पंजा बुडवायचा आणि थापे मारत सुटायचा. बॉयलरवर, काट्यावर, वखारीतल्या गंजक्या घमेल्यावरसुद्धा. उजव्या हाताची करंगळी लहानपणीच कोयत्याखाली गेलेली, म्हणून थापा अंगठा धरून चार बोटांचा. तो गेल्यानंतरच्या खंडेनवमीला कुणी हळद कालवलीच नाही. त्याचा एक जुना थापा मोठ्या चाकावर राहिला होता, तोही फिटरने कडं बसवताना कानशीने खरवडून काढला. राघोला ते बघवलं नाही. तो बाहेर जाऊन खाडीकडे तोंड करून उभा राहिला होता.

"नारळ तूच फोड, राघो," गिरणीचा शेट म्हणाला. "मोरू गेला त्याच दिवशी मी ठरवलं, आता या चाकाने कुणाचा जीव घ्यायला नको. विलायतेला लिहून हे मागवलं. गेल्या महिन्यात बंदरात उतरलं, तसं थेट आपल्या वखारीत आणून उघडलं."

राघोचे डोळे भरून आले. त्याने नारळ फोडला, पाणी धाकट्या इंजिनावर शिंपडलं आणि वाकून शेटच्या पायांना हात लावला.

"लय उपकार जाले, शेट. वरीसभर आदी आलं असतं, तं माझा मोरू..."

"नशिबात नव्हतं त्याच्या," शेट म्हणाला. मग जाता जाता सांगून टाकलं की आता पहारीवाल्या चौघांचं उद्यापासून काही काम नाही. राघोने मान हलवली. अठरा वर्षांची भाकरी गेली होती, पण ते चाकही सुटलं होतं, आणि त्याला चाक सुटल्याचंच बरं वाटलं. नवं इंजिन ज्या लाकडी पेटीतून आलं होतं, तिच्या फळ्या शेटने त्याला जळणासाठी देऊ केल्या. त्याने वखारीतून त्या उचलल्या, मोळी बांधली आणि डोक्यावर घेऊन ठाकुर्लीची वाट धरली. वाटभर एकच विचार होता. यंत्र नव्हतं, म्हणून शब्द लागत होता. आणि शब्द चुकला तो आपला.

घरी त्याने मोळी अंगणात टाकली आणि ओटीवर टेकला. दुपारच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. शेवंती कोयता घेऊन बसली. तिने एक फळी फोडली, दुसरी फोडली. तिसरीवर कोंड्याचा जाड थर बसला होता. तो तिने पदराने पुसला, आणि कोयता खाली ठेवला.

मग ती उठली आणि फळी आणून राघोच्या पुढ्यात ठेवली. लाकडावर विटलेल्या हळदीचा पंजा होता. अंगठा धरून चार बोटांचा.

"भावजी," वर्षभरात ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली, "ही पेटी ते व्हते तवाच आलेली."